हॉलिस टिडवेलचं मत

हॉलिस टिडवेल आयुष्यात एकच सामना खेळला, तोही शेवटची काही मिनिटं, टीम हरल्यात जमा झाल्यावर. बाकी दोन वर्षं तो ड्राय फोर्क हायस्कूलच्या बाकावर बसून होता. गावात ही गोष्ट कुणी काढत नसे, कारण पुढं त्याला जी जागा मिळाली ती भल्याभल्या खेळाडूंना मिळत नाही. हॉलिस साखळी धरायचा.

अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला दोन खांब आणि मध्ये दहा यार्डांची साखळी. चार डावांत टीमनं तेवढं पुढं सरकायचं, नाही तर बॉल समोरच्यांचा. दर शुक्रवारी संध्याकाळी केशरी जाकीट घालून हॉलिस त्यातला एक खांब धरून उभा राही. खेळाच्या इतक्या जवळ, की गावाला बँड ऐकू येई तेव्हा त्याला बरगड्या आदळताना ऐकू येत.

दिवसा तो जिनिंगच्या वजनकाट्यावर असे. कापसानं भरलेले ट्रेलर काट्यावर चढत, हॉलिस खिडकीतून वजन वाचून सांगे आणि शेतकरी मान डोलावून पुढं जाई. त्याचं वजन कुणी परत तपासून बघत नसे. या सवयीनं गाव त्याच्या बाकीच्या बोलण्यालाही तेच माप लावू लागलं होतं. हॉलिस म्हणाला ना, मग झालं.

तेलाचे भाव पडले ते हे वर्ष. गावाबाहेरचे तेल उपसणारे पंप जागच्या जागी थांबलेले, अर्धी पोरं कामासाठी परगावी. हॉलिसचा मुलगाही समुद्रातल्या तेलविहिरींवर गेला होता आणि नातू लेन आजी-आजोबांकडे राहत होता. गावाकडे मान वर करून बोलायला टीमशिवाय काही उरलं नव्हतं. टीम जिंकत होती, आणि जिंकत होती म्हणूनच वाद पेटला होता. रूबेन अरेडोंडो रनिंग बॅक म्हणून पुरेसा आहे का?

हा वाद वांडाच्या कॅफेतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर चाले. सकाळी कामाला जाण्याआधी चारपाच जण तिथं डॉमिनो खेळत आणि पावासारखी मऊ बिस्किटं ग्रेव्हीत बुडवून खात. बॉल छातीशी घेऊन समोरच्या पोरांच्या भिंतीत घुसायचं, हे रनिंग बॅकचं काम. रूबेन घुसण्याआधी किंचित थांबे. भिंतीत फट दिसली की मगच जाई, आणि गेला की सापडत नसे. खतं-बियाणं विकणारा गेलॉन प्रुइट त्याच्या बाजूचा. तो म्हणे, "तो थांबत नाही, बघतो."

"बघायचंच असेल तर तिकीट काढून वर बसावं," हॉलिस डॉमिनो आपटून म्हणे. "खाली धावायचं असतं."

टेबल हसे. आणि टेबल हसलं की निम्मा निकाल लागलेला असे.

टीममध्ये दुसरा रनिंग बॅक होता तो लेन. जाड खांद्यांचा, सरळ स्वभावाचा पोरगा. हॉलिसनं टेबलावर त्याचं नाव कधीही घेतलं नाही. तो फक्त एवढंच म्हणे, की या टीमला सरळ जाणारा पोरगा पाहिजे. मग दुसरंच कुणी तरी म्हणे, अरे, तुझा लेन जातो की सरळ. तेव्हा हॉलिस कॉफीच्या कपात बघत बसे. आपण हे किती सफाईनं करतो, असं त्याला मनातून वाटायचं. बायको नेल्डा एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "त्या अरेडोंडोच्या पोराबद्दल बोलताना तुझा आवाज चर्चमध्ये प्रार्थना सांगतोयस असा होतो. खरं बोलतोस तेव्हा तो तसा नसतो." हॉलिसनं रेडिओ मोठा केला.

टेबलावरचं बोलणं टेबलावर राहत नाही. ते न्हाव्याच्या खुर्चीत गेलं, चर्चच्या पायऱ्यांवर गेलं, घराघरांतून शाळेत गेलं आणि ऑक्टोबर लागता लागता रूबेनच्या कानापर्यंत पोचलं. रूबेननं थांबणं सोडलं. आता तो फट पडायची वाट बघत नसे. बॉल हातात आला की मान खाली घालून, डोकं पुढं करून भिंतीवर जाऊन आदळे. गाव खूश झालं. हॉलिसही म्हणाला, आता जरा बरा आहे. 'जरा' त्यानं मुद्दाम ठेवला.

मग तो शुक्रवार आला. रूबेन कडेकडेनं येत होता आणि समोरच्या टीमच्या एका धिप्पाड पोरानं त्याला हॉलिसच्या पायाशीच गाठलं. डोकं खांद्यावर आपटलं आणि मान एका बाजूला मुडपली. रूबेन उठला. त्याचा उजवा हात रिकाम्या बाहीसारखा लोंबत होता. त्यानं तो दोनदा झटकला, डाव्या हातानं चोळला, आणि परत गेला. साखळीचं दुसरं टोक धरणाऱ्याला हॉलिस म्हणाला, "नाटक."

त्यानंतर रूबेनच्या हातून बॉल निसटला. थोड्या वेळानं पुन्हा निसटला. टीम हरली.

ड्राय फोर्कमध्ये हातातला बॉल पाडणाऱ्याला एक शिक्षा होती. शिक्षा असं तिला कुणी म्हणत नसे, म्हणत 'बॉल सांभाळणं'. सोमवारपासून पुढच्या सामन्यापर्यंत त्या पोरानं बॉल काखेत घेऊन फिरायचं, वर्गात, दुकानात, बुधवारच्या प्रार्थनेलासुद्धा. आणि गावातल्या कुणीही, कुठंही, येता-जाता तो बॉल उडवायचा. जो उडवेल त्याला वांडाकडून पीच कॉबलरची, म्हणजे पीच घालून भाजलेल्या गोडाची, एक वाटी फुकट. पोरं लपून बसत, म्हाताऱ्या काठीनं मारत. सगळ्यांना ही गंमत वाटे, ज्यांनी कधी काळी बॉल सांभाळला होता त्यांनाही.

कोच स्टॅम्परच्या मनात या खेपेला तसं काही नव्हतं. पण सोमवारी सकाळी हॉलिस टेबलावर म्हणाला, की हातातला बॉल ज्याला धरता येत नाही त्याला धरायला शिकवायला नको का? दुपारी रूबेनच्या काखेत बॉल होता.

त्या आठवड्यात वांडाच्या कॉबलरचं भांडं रोज रिकामं होऊ लागलं. तेव्हाच कुणाला तरी खटकायला हवं होतं. आजवर बॉल सांभाळणाऱ्या पोरांचा बॉल एखाद-दुसऱ्यालाच उडवता आला होता. रूबेनचा ज्यानं मागितला त्याला मिळत होता. पाद्रीबाबांनी उडवला. पोस्टात तिकिटं विकणाऱ्या बाईनं उडवला. हाताला हिसडा, बॉल खाली, हशा. रूबेन वाकून डाव्या हातानं उचलायचा आणि परत उजव्या काखेत ठेवायचा. टेबलावर निकाल लागलाच होता. पोरगा मऊ आहे.

बुधवारी दुपारी रूबेन जिनिंगवर आला. कधी काळी त्याचा बाप तिथं गठ्ठे बांधणाऱ्या दाबयंत्रावर होता. तो वारला तरी त्याच्या जुन्या साथीदारांना आईनं केलेले मक्याच्या पिठाचे तमाले द्यायला पोरगा अधूनमधून येई. काट्याच्या खोलीजवळून जाताना हॉलिसनं खिडकीतून हात काढला आणि दोन बोटांनी बॉलला नुसती टिचकी मारली. उडवायला नाही, चिडवायला.

बॉल पडला.

हॉलिस बाहेर आला. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, आत यंत्रांची घरघर चालू होती. त्यानं बॉल उचलून दिला आणि म्हणाला, "घट्ट धर की, लेका."

"हो, सर."

"असं नाही. इकडं दे हात." त्यानं आपली दोन बोटं रूबेनच्या उजव्या मुठीत दिली. "दाब."

रूबेननं दाबलं. निदान त्याच्या चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं, कारण जबडा आवळला होता, कपाळाची शीर वर आली होती. हॉलिसच्या बोटांना काहीच कळलं नाही. जणू ओल्या फडक्यात बोटं ठेवली होती.

हॉलिसला खूप वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. पाहुण्या टीमचा एक पोरगा सामनाभर असाच हात झटकत होता, आणि मग एका साध्या टकरीनंतर गवतावर पडला तो हललाच नाही. रुग्णवाहिकेला आत यायला वाट द्यायची म्हणून हॉलिसनं साखळी गोळा करून बाजूला घेतली होती. नंतर कळलं की तो जगला, पण मानेखालचं सगळं गेलं. त्याचं नाव आता गावात कुणाला आठवत नव्हतं. हॉलिसलाही नाही.

"कधीपासून आहे हे?"

रूबेन खाली बघत म्हणाला, की मानेपासून बोटापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं होतं आणि मग हात झोपतो. आधी थोड्या वेळानं जागा व्हायचा. शुक्रवारनंतर झालाच नाही.

"कोचला सांग. आजच्या आज."

"नाही, सर. शुक्रवारी कॉलेजचा माणूस येणार आहे बघायला." मग त्यानं पहिल्यांदाच हॉलिसच्या डोळ्यांत पाहिलं. "आणि तुम्ही पण नका सांगू. तुम्ही सांगितलंत तर लोक काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे."

"काय म्हणतील?"

"लेनला खेळवायचंय तुम्हाला. सगळ्यांना माहीत आहे, सर. पहिल्यापासून."

तो बॉल घेऊन गेला. काट्यावर पुढचा ट्रेलर चढला, शेतकऱ्यानं हॉर्न वाजवला, तरी हॉलिस तिथंच उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टेबलावर सांगितलं. सांगताना त्याला जाणवलं, की आपण नेहमीच्याच आवाजात बोलतोय. दुसरा आवाज त्याच्याकडे आता नव्हताच. हात गेलाय पोराचा, मानेत काही तरी झालंय, त्याला खेळवू नये. मग गेलॉननं डॉमिनो खाली ठेवले.

"वा हॉलिस. सप्टेंबरभर त्याचे पाय वाईट होते. मग छाती लहान होती. आता हात. उरलंय काय, कान?"

टेबल हसलं. हॉलिसनं इतके दिवस ज्या हशाच्या जोरावर निकाल लावले होते, तोच हा हशा होता.

तो कोचकडे गेला. कोच स्टॅम्पर वाईट माणूस नव्हता. त्यानं रूबेनला बोलावून हॉलिससमोरच विचारलं, "दुखतंय का रे काही?" ड्राय फोर्कच्या मैदानावर या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि रूबेननं ते दिलं. कोचनं हॉलिसच्या खांद्यावर हात ठेवून त्याला फाटकापर्यंत आणलं आणि म्हणाला, की आजोबा म्हणून मी तुझी तळमळ समजतो, पण संघ मी निवडतो.

मग हॉलिस शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेला. रूबेनची आई ओफेलिया तिथं कामाला होती. ती हात पुसत बाहेर आली आणि तिनं सगळं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"इतके दिवस तुम्ही म्हणालात, माझा मुलगा पुरेसा चांगला नाही," ती म्हणाली. "आता म्हणता, पुरेसा धडधाकट नाही. मिस्टर टिडवेल, तो पुरेसा काय असला म्हणजे तुमचं समाधान होईल?"

"तुम्ही फक्त त्याचा हात बघा."

"त्याचा हात मी तो जन्मला तेव्हापासून बघतेय." तिनं दार लावलं. जोरात नाही, नेहमी लावते तसंच.

संध्याकाळी लेन सरावाहून आला. परसातल्या पायरीवर बूट काढत बसला होता तेव्हा हॉलिस त्याच्या शेजारी जाऊन बसला. नातवापुढं हे बोलणं त्याला सगळ्यात जड गेलं. तो म्हणाला, रूबेनचा हात गेलाय आणि कुणी माझं ऐकत नाही.

"माहीत आहे, पापॉ," लेन म्हणाला. "अख्ख्या टीमला माहीत आहे. त्याच्या बुटांच्या नाड्या मीच बांधतो."

हॉलिस त्याच्याकडे वळला.

"मग बोलला का नाहीस?"

"त्यानं शपथ घातली. आणि मी बोललो असतो तर माझं ऐकलं असतं? त्याची जागा मला मिळणार. तुमचा नातू मी." लेननं एक बूट दुसऱ्यावर आपटून माती झाडली. "तुम्हाला हवं होतं मी खेळावं. मला विचारलंत कधी?"

नव्हतं विचारलं. हॉलिसनं कुंपणापलीकडच्या कापसाकडे पाहिलं आणि मग जे मागितलं, ते त्या गावात कुठल्याच आजोबानं नातवाकडे मागितलं नसेल. जर्सी परत कर. तू टीममध्ये नसलास तर माझ्या शब्दात तुझा वाटा राहणार नाही. मग तरी कुणी ऐकेल.

लेन उठून आत गेला तेव्हा त्याला राग आलाय की रडू येतंय, हे हॉलिसला कळलं नाही.

सामन्याच्या दिवशी टीमची सगळी पोरं दिवसभर जर्सी घालूनच शाळेत वावरतात. त्या शुक्रवारी सकाळी लेननं आपली जर्सी घडी घालून कोचच्या टेबलावर ठेवली. सोबत हॉलिसही होता. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, आता त्यात नातवाचा फायदा न ठेवता सांगितलं. कोचचा चेहरा उतरला, पण हॉलिसला वाटलं होतं त्या कारणानं नाही.

"तू खरं बोलतोयस, हे आत्ता कळलं मला," तो म्हणाला. "आणि आत्ताच तू माझा दुसरा रनिंग बॅकही घेऊन गेलास. आता मी कुणाला धावायला लावू, हॉलिस?"

लेन लगेच म्हणाला, "मी जर्सी परत घालतो, कोच." कोच त्यावर हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. दुपारनंतर बघू, म्हणाला. बाहेर पडताना हॉलिसला जाणवलं, की कोचला आता हाताचं खरं वाटत होतं आणि तरीही रूबेन मैदानात उतरू शकत होता. खरं कळल्यावर माणसं त्याप्रमाणंच वागतात, या भरवशावर त्यानं नातवाचं वर्ष पणाला लावलं होतं.

दुपारी जेवणाच्या रांगेत साध्या चौकड्याच्या शर्टातला लेन उभा राहिला. काउंटरपलीकडून ओफेलियानं आधी शर्ट पाहिला. तिनं पळी भांड्यात ठेवली आणि विचारलं, तुझी जर्सी कुठाय? लेननं सांगितलं. हळू आवाजातच, पण रांग गप्प झाली होती.

चार पोरांमागं रूबेन होता, जर्सीत, काखेत बॉल. ओफेलियानं ताट भरलं, सगळं वाढलं, वर दुधाचा खोका ठेवला. रूबेननं डावा हात पुढं केला.

"उजव्या हातानं घे," ती म्हणाली.

"आई, बॉल आहे ना."

"बॉल ठेव. उजव्या हातानं घे मिहो, माझ्या बाळा."

त्यानं घेतलं. क्षणभर, ताटाच्या कडेखाली ती बोटं गेलेली सगळ्यांना दिसली. मग सगळं फरशीवर होतं, दूध, राजमा, ताट, आणि या वेळेला कुणी हसलं नाही. ओफेलियानं एप्रन काढलं, काउंटरला वळसा घालून आली आणि मुलाला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. बॉल बाकाखाली राहिला. कोच दाराशी आडवा आला, काही म्हणणार होता, पण तिच्याकडे बघून बाजूला झाला.

संध्याकाळी लेननं जर्सी परत घातली नाही, कोचनं मागितलीही नाही. एका भलत्याच पोराला रनिंग बॅक केलं आणि टीम हरली. हॉलिसनं साखळी धरली, कारण ती दुसऱ्या कुणाला द्यायला कुणाला वेळ मिळाला नव्हता. सामनाभर त्याच्याशी कुणी बोललं नाही. कॉलेजचा माणूस अर्ध्यातच गाडी काढून गेला.

शनिवारी सकाळी हॉलिस लबक शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेला. ओफेलिया बाहेरच्या बाकावर बसली होती. तिनं त्याला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

"मानेचा मणका सरकलाय," ती म्हणाली. "शिरेवर बसलाय. हात येईल की नाही, इतक्यात सांगता येत नाही म्हणतात. आणखी एक टक्कर झाली असती तर काय, तेही सांगितलं त्यांनी."

हॉलिस उभाच होता, टोपी हातात.

"डॉक्टरनं विचारलं, मार लागल्यावर हाताला आराम दिला होता ना? हिसडा-बिसडा बसला नाही ना?" तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "मी काय सांगू? आठवडाभर गाव त्या हाताला हिसडेच देत होतं, हे सांगू? पाद्रीबाबांनी दिला म्हणून सांगू? त्यानं विचारलं, असं कोण करतं, तर कुणाचं नाव सांगू?"

मग तिनं दाराकडे हात केला. आत रूबेन पलंगावर उताणा होता. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या, त्यामुळं त्याला फक्त छत दिसत होतं. पावलांवरून त्यानं ओळखलं असावं.

"हरलो ना, सर?"

"हरलो."

"लेन असता तर जिंकलो असतो?"

सबंध मोसमभर याच प्रश्नाचं उत्तर गावाच्या तोंडून ऐकायला हॉलिसनं जिवाचं रान केलं होतं. "नाही," तो म्हणाला. "तू थांबून बघायचास ना, ते लेनला जमत नाही. गावात कुणालाच कधी जमलं नाही ते."

रूबेनच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं. ते पुसायला त्यानं हात उचलला नाही.

मागून एक तरुण डॉक्टर आला. त्यानं हॉलिसला जरा सरकायला सांगितलं, चादर बाजूला केली आणि खिशातून टाचणी काढली. रूबेनच्या उजव्या अंगठ्याला ती टोचली.

"हे कळतंय?"

"नाही, सर."

डॉक्टर पुढच्या बोटाकडे गेला. "हे?"

रूबेन छताकडे बघत विचार करत होता, जणू नीट शोधलं तर उत्तर सापडेल.

"नाही."

डॉक्टरनं मधलं बोट हातात घेतलं.